निळा-पांढरा पलंगपोस, जलरंगात : एका अनामिक चित्राचा आणि त्याच्या प्रिंटचा रिव्ह्यू

चित्राच्या उजव्या बाजूला एक उभी शिवण आहे आणि त्या शिवणीवर गुलाबाची एक पाकळी जुळत नाही. डावीकडचा भाग किंचित वर, उजवीकडचा किंचित खाली, फार नाही, दोन-तीन धाग्यांचा फरक असेल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं चित्रकाराचा हात हलला. मग झूम करून शिवणीवरून वरपासून खालपर्यंत गेले तर तो फरक प्रत्येक फुलाला थोडा थोडा वाढत जातोय, वर जवळजवळ जुळतंय आणि खाली येईपर्यंत सरकलंय. म्हणजे हात हललेला नाहीये, कापडच तसं होतं, आणि ज्याने किंवा जिने हे रंगवलं त्याने ते तसंच्या तसं उतरवलं. तिथून मी या चित्रात जी अडकले ती गेले तीन महिने अडकलेलीच आहे.

हे चित्र म्हणजे अमेरिकेतल्या एका जुन्या पलंगपोसाचं जलरंगातलं चित्र आहे. तिकडे त्याला कव्हरलेट म्हणतात, पलंगावर सगळ्यात वरून घालायचं जाड विणलेलं पांघरूण. चित्राचं नाव नुसतं ‘कव्हरलेट’. चित्रकाराच्या जागी लिहिलंय ‘अमेरिकन, विसावं शतक’, म्हणजे नाव माहीत नाही. तारखेच्या जागी १९३५/१९४२. साहित्य जलरंग आणि पेन्सिल, जाड पुठ्ठ्यासारख्या कागदावर. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे ते आहे आणि त्यांच्या साइटवरून फुकट डाउनलोड करता येतं. मी ते डाउनलोड केलं, प्रिंट करून घेतलं, त्यात जे काय झालं तेही सांगते, पण आधी चित्राबद्दल.

हे एकटं चित्र नाहीये. १९३० च्या मंदीत अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले, त्यात चित्रकारही होते, तेव्हा सरकारने त्यांना काम देण्यासाठी १९३५ साली फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि त्याचाच एक भाग म्हणजे इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन. काम काय, तर देशभरातल्या जुन्या घरगुती वस्तू शोधायच्या, खुर्च्या, मडकी, खेळणी, कुलपं, कपडे, रजया, सतरंज्या, आणि त्यांची अगदी हुबेहूब चित्रं काढायची. १९४२ पर्यंत हे चाललं आणि जवळजवळ १८,००० चित्रं झाली. १९४३ मध्ये ती सगळी नॅशनल गॅलरीकडे गेली. न्यूयॉर्कमध्ये या प्रोजेक्टवरच्या चित्रकाराला आठवड्याला साधारण २३-२४ डॉलर मिळायचे. त्या पैशात कोणीतरी बसून एका पलंगपोसाचा एक कोपरा रंगवला, आणि असा रंगवला की आज स्क्रीनवर बघताना मला त्याचं वजन जाणवतं.

आता कापडाबद्दल बोलायलाच हवं, कारण कापड कळल्याशिवाय चित्रकाराने काय केलंय ते कळतच नाही.

हा जो प्रकार आहे तो दुहेरी विणीचा आहे. म्हणजे दोन कापडं एकावर एक एकाच वेळी मागावर विणली जातात, एक निळ्या लोकरीचं आणि एक न रंगवलेल्या सुताचं, आणि नक्षीप्रमाणे ती एकमेकांत जागा बदलतात. वरचं खाली जातं, खालचं वर येतं. त्यामुळे एका बाजूने निळ्यावर पांढरं फूल दिसलं तर उलट बाजूने पांढऱ्यावर निळं फूल दिसतं, दोन्ही बाजू सुलट्याच. निळा रंग नीळेचा. नीळेच्या पिंपातून लोकर बाहेर काढली की आधी हिरवट पिवळी दिसते आणि हवा लागली की बघता बघता निळी होते. फुलं-पानं-पक्षी अशी मोकळी नक्षी विणायला जॅकार्डचं यंत्र लागतं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारं, फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास केलेलं, ते अमेरिकेत १८२० च्या दशकात पोचलं. असे पलंगपोस विणणारे बहुतेक पुरुष, धंद्याने विणकर, त्यात जर्मनी आणि स्कॉटलंडकडून आलेले बरेच. सूत कातायचं काम अनेकदा घरातल्या बायकांचं, त्या कातलेली लोकर घेऊन विणकराकडे जायच्या. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर हा धंदा जवळजवळ संपला.

आणि ती शिवण. हातमाग अरुंद असायचे, पलंगाच्या रुंदीचं कापड एका पन्ह्यात निघायचं नाही, म्हणून लांब पट्टा विणायचा, अर्धा कापायचा आणि दोन अर्धे मधे शिवून जोडायचे. आता विणताना प्रत्येक आडवा धागा फणीने ठोकून बसवतात, तो ठोका रोज सारखाच पडत नाही, सकाळी जोरात, संध्याकाळी हळू, कधी लोकर जाड कधी बारीक, त्यामुळे एका अर्ध्यातली फुलं दुसऱ्या अर्ध्यातल्या फुलांपेक्षा एक केसभर लांब किंवा आखूड होतात. एका फुलाला कळत नाही पण सहा-सात फुलं झाली की फरक दिसायला लागतो. चित्रात नेमकं हेच आलंय. चित्रकाराला जॅकार्ड कळत होतं की नाही कुणास ठाऊक, पण त्याने एक फूल काढून बाकीची त्यावरून छापल्यासारखी काढली नाहीत, प्रत्येक फूल स्वतंत्र मोजून काढलं, त्याशिवाय हे असं हळूहळू सरकणं चित्रात येऊच शकत नाही. मला तर ही गोष्ट कळल्यावर अंगावर काटा आला.

तर चित्रात दिसतं काय. पूर्ण पलंगपोस नाहीये, साधारण पाव भाग आहे. खालचा डावा कोपरा, तिथून उजवीकडे मधल्या शिवणीपर्यंत, शिवणीच्या पलीकडे अजून थोडंसं, आणि मग रंग थांबतो. पुढे काही अंतर फक्त पेन्सिलीच्या बारीक रेषा जातात, फुलांच्या बाह्यरेषा आणि मोजमापाची अगदी फिकट चौकट, आणि मग कोरा कागद. वरही तसंच. नक्षी पुढे तीच आहे म्हणून सगळं रंगवायची गरज नाही असा तो हिशोब. इंडेक्समधल्या मोठ्या कापडांच्या बऱ्याच चित्रांमध्ये असं केलंय. सुरुवातीला अर्धवट वाटतं पण मला आता तो भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण तिथे तुम्हाला दिसतं की रंगाच्या खाली काय आहे, आधी किती आखणी होती.

डाव्या कडेला कापडाची एक घडी उलटून दाखवलीय, हाताएवढी पट्टी, म्हणजे मागची बाजूही दिसावी. तिथे रंग उलटे, पांढऱ्यावर निळं. आणि घडीच्या काठावर जिथे कापड वळतं तिथे एक मऊ सावली आहे, राखाडी नाही, निळसर तपकिरी, त्या एका सावलीवरून कळतं की हे कापड किती जाड आहे. पातळ चादरीची घडी धारदार पडते, ही गोल पडलीय. मी स्वतः जलरंग करते, घडी रंगवणं म्हणजे काय ते मला माहितीये, आपण सगळे काय करतो तर सावली जास्त गडद करतो म्हणजे उठाव येईल, इथे ती इतकी हलकी आहे की आधी दिसतच नाही, फक्त जाडी जाणवते.

आता धागे. पहिल्या नजरेत असं वाटतं की एकेक धागा रंगवलाय. नाही रंगवलेला, ते शक्यच नाही, कारण चित्र साधारण दीड फूट आहे आणि त्यात तीन-साडेतीन फुटांचं कापड बसवलंय. चित्रकाराने केलंय काय तर विणीच्या पायऱ्या रंगवल्यात. विणलेल्या कापडात गोल असं काही नसतं, पाकळीची कड जवळून बघितली तर ती जिन्यासारखी असते, दोन धागे वर एक बाजूला. त्या पायऱ्या त्याने सगळीकडे पाळल्यात, अगदी बारीक देठावरसुद्धा. आणि निळ्या भागात दोन निळे वापरलेत, आधी एक फिकट वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर त्यावर जरा गडद निळ्याने बारीक बारीक आडव्या रेघा, त्या रेघा मधेमधे तुटतात, कुठे दाट कुठे विरळ. त्या तुटण्यामुळे लोकर दिसते. सलग रेघा असत्या तर ते छापील कापड वाटलं असतं. डोळा बाकीचे धागे स्वतः भरून घेतो.

पांढरं मात्र कुठेच रंगवलेलं नाही. पांढरं म्हणजे कागद. ज्यांनी जलरंग हातात धरलाय त्यांना लगेच कळेल हे काय काम आहे, पारदर्शक जलरंगात गडदावर पांढरं आणता येत नाही, म्हणजे निळ्याच्या मधे जेवढे पांढरे ठिपके आहेत तेवढे आधीच ठरवून त्यांच्या भोवतीने ब्रश न्यायचा. मूळ कापडातही पांढरं सूत न रंगवलेलंच आहे. विणकराने जे रंगवलं नाही तेच चित्रकारानेही रंगवलं नाही. हे लक्षात आल्यापासून मी पांढऱ्या फुलांकडे वेगळ्याच नजरेने बघते.

एक जागा खास बघा. खालच्या काठाच्या वर, कोपऱ्यापासून वीतभर आत, निळ्यात चार-पाच पांढरे कण आहेत, नक्षीत न बसणारे. मला वाटलं स्कॅनमधली धूळ. मग लक्षात आलं, कसर लागलीये! कसर लोकर खाते, सूत खात नाही. वरचा निळा लोकरीचा थर खाल्ला गेला आणि खालचा पांढरा सुती थर तिथून डोकावतोय. चित्रकाराने ती कसरीची भोकंसुद्धा कागद मोकळा सोडून राखलीत. आणि काठाच्या झालरीत एका ठिकाणी दोन-तीन गोंडे गेलेत, तेही गेलेलेच ठेवलेत. घडी घालून ठेवतात तिथे निळा विटलाय, एक आडवा पट्टा किंचित फिकट, तोही आहे. कोपऱ्यातल्या चौकटीत विणकराचं नाव, गाव आणि साल विणलंय, त्यात इंग्रजी एन हे अक्षर उलटं पडलंय. अशा चौकटींमध्ये अक्षरं उलटी पडणं पुष्कळ ठिकाणी दिसतं. तो एनही चित्रात उलटाच.

हे असं करायला चित्रकारांना सांगितलेलंच होतं. कल्पना अशी होती की वस्तू जशी आहे तशी नोंदवायची, स्वतःची शैली आत घालायची नाही. त्यासाठी एक पद्धत ठरवली होती, ती कुठून आली तर इजिप्तच्या उत्खननातून. तिथे सापडलेल्या वस्तू आणि भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवून घ्यायची एक तंत्रशुद्ध जलरंग पद्धत होती, बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या सुझान चॅपमन यांना ती येत होती आणि त्यांनी ती इंडेक्सच्या चित्रकारांना शिकवली. पातळ वॉशचे थर, वस्तूचा पृष्ठभाग जसा आहे तसा. म्हणजे राजाच्या थडग्यातल्या वस्तूंसाठी वापरलेली काळजी इथे कोणाच्या तरी पलंगावरच्या पांघरुणाला मिळाली. रंगीत फोटो का नाही काढले असा प्रश्न मलाही पडला होता, पण त्या वेळी रंगीत फोटो महाग होते आणि टिकायचे नाहीत, रंग उडायचे. जलरंग टिकले.

या पद्धतीची खरी परीक्षा काय ते कळावं म्हणून मी एक भाग स्वतः रंगवून बघितला. पूर्ण नाही, शिवणीजवळचं एक गुलाबाचं फूल, दोन इंच बाय दोन इंच. चार संध्याकाळी लागल्या. पहिली संध्याकाळ फक्त पेन्सिलीत गेली, चौकटी आखून पायऱ्या मोजण्यात. दुसऱ्या दिवशी पहिला वॉश. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या निळ्याच्या रेघा मारताना मला जाणवलं की माझा हात आपोआप सगळं सारखं करतोय, दोन पाकळ्या समान करतोय, तुटक रेघ जोडतोय, शिवणीवरचा फरक तर मी नकळत मिटवूनच टाकला होता! जुळवायची इतकी सवय असते हाताला. सुधारू नको हे सतत स्वतःला सांगावं लागतं. त्या चार संध्याकाळींनंतर मला या चित्राबद्दल जो आदर वाटायला लागला तो नुसतं बघून कधीच वाटला नसता. चौरस इंचाला एक संध्याकाळ धरली तर पूर्ण चित्राला किती दिवस लागले असतील याचा विचार करा, आणि त्या माणसाचा हात माझ्यापेक्षा दहापट तयार होता हे धरूनसुद्धा.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. विणकराचं नाव कापडात आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षं झाली तरी ते वाचता येतं, कारण त्याने ते विणलंय, कापड आहे तोवर नाव आहे. आणि ज्याने ते नाव इतक्या प्रेमाने, उलट्या एनसकट उतरवून ठेवलं त्याचंच नाव नोंदीत नाही. ‘अमेरिकन, विसावं शतक.’ इंडेक्समधल्या कितीतरी चित्रांखाली हेच लिहिलंय. काही जणांची नावं आहेत आणि एकाचा तर काम करतानाचा फोटोही आहे, मॅग्नस फॉसम नावाचे चित्रकार, फ्लोरिडामधल्या कोरल गेबल्स इथे, फेब्रुवारी १९४०, समोर ‘बॉस्टन टाउन’ नक्षीचा पलंगपोस आणि ते त्याची प्रत रंगवतायत. तो फोटो जरूर बघा. माझ्या चित्राचा चित्रकार मी तसाच डोळ्यांसमोर आणते, बाई असो की पुरुष, समोर कापड टांगलेलं आणि कागदावर मान खाली.

ही सगळी कल्पना मुळात दोन बायकांची होती हेही सांगायला हवं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ, त्यांच्याकडे डिझायनर लोक यायचे आणि अमेरिकन जुन्या डिझाइनची चित्रं मागायचे आणि द्यायला धड काही नसायचं. आणि दुसऱ्या रूथ रीव्ह्ज, स्वतः कापडाच्या डिझायनर, रेडिओ सिटी म्युझिक हॉलसाठी काम केलेल्या. दोघींनी मिळून ही योजना पुढे नेली आणि प्रोजेक्टचे प्रमुख होल्गर केहिल यांनी ती उचलून धरली. या रूथ रीव्ह्ज पुढे १९५६ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या, इथल्या हस्तकलांवर काम करत राहिल्या आणि १९६६ मध्ये नवी दिल्लीत वारल्या. हे वाचलं तेव्हा मी किती वेळ नुसती बसून होते. ज्या बाईने अमेरिकेतल्या पलंगपोसांची नोंद व्हावी म्हणून धडपड केली तिची शेवटची दहा वर्षं आपल्याकडच्या कारागिरांच्यात गेली, आणि आपल्याला तिचं नाव माहीत नाही.

आता साइटबद्दल. नॅशनल गॅलरीने २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या कॉपीराइट नसलेल्या चित्रांचे फोटो सगळ्यांना मोफत वापरायला दिलेत, परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, प्रिंट काढा, पिशवीवर छापा, विका, काहीही करा. याबद्दल त्यांचे जितके आभार मानावेत तितके कमी. झूम उत्तम चालतं, मोबाइलवर पण, तरी शक्यतो मोठ्या स्क्रीनवर बघा कारण पेन्सिलीच्या रेषा मोबाइलवर हरवतात. खाली मूळ वस्तूचं माप अनेकदा दिलेलं असतं, ते जरूर वाचा, त्याशिवाय आकाराचा अंदाज येत नाही.

शोधताना मात्र वैताग येतो. कव्हरलेट टाकलं की ढिगाने चित्रं येतात आणि बहुतेकांचं नाव नुसतं ‘कव्हरलेट’. क्विल्ट टाकलं तर तेच, बेडस्प्रेड टाकलं तर तेच. चित्रकाराचं नाव नसेल आणि तारीखही १९३५/१९४२ अशी मोघम असेल तर एकदा बघितलेलं चित्र पुन्हा सापडणं महाकठीण. माझं हे चित्र मी एकदा हरवून बसले होते आणि ते परत मिळवायला दोन रात्री गेल्या. म्हणून सांगते, चित्र आवडलं की आधी त्याचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. इंडेक्सच्या चित्रांचे क्रमांक १९४३.८ ने सुरू होतात आणि पुढे आकडा असतो, तो आकडा टाकला की थेट तेच चित्र येतं.

आणखी एक खटकणारी गोष्ट, ती साइटची नाही, मूळ प्रोजेक्टचीच. अमेरिकेच्या घरगुती कलेची नोंद म्हणवतात पण तिथल्या मूळ आदिवासींच्या वस्तू यात घेतल्याच नाहीत. त्यांची नोंद मानववंशशास्त्रज्ञ करतायत म्हणून त्या वगळल्या. म्हणजे नवाहो विणकरांची ब्लँकेट्स, जी विणकाम म्हणून जगात कुठेही उभी राहतील, ती या १८,००० मध्ये शोधायला जाऊ नका. मला हे फार चुकीचं वाटतं, देशाच्या कापडाची गोष्ट सांगायची आणि सगळ्यात जुने विणकरच बाजूला ठेवायचे.

प्रिंटचं सांगते. पहिल्यांदा जिथे फाइल पाठवली तिथून जे आलं ते उघडून मला रडूच आलं. कागदाचा मूळ रंग सायीसारखा आहे, तो पांढराशुभ्र झाला होता. निळा चकचकीत झाला होता, नीळ नाही, शाईसारखा. ग्लॉसी कागद, त्यामुळे लोकर कुठेच दिसेना. आणि उजवीकडचा पेन्सिलीचा भाग आणि वरचा कोरा कागद कापून टाकलेला, शिवणीपासून पुढचं सगळं गायब! विचारलं तर म्हणाले, अपूर्ण दिसत होतं म्हणून काढलं, आणि रंग मशीन आपोआप दुरुस्त करतं. भांडण केलं नाही मी, त्यांना वाईट हेतू काहीच नव्हता, चांगलं दिसावं म्हणूनच केलं होतं. पण ज्या चित्रात कोणीतरी कसरीची भोकंसुद्धा बुजवली नाहीत त्याला असं नीटनेटकं केलेलं बघवत नाही हो.

दुसऱ्या वेळी मी लिहूनच दिलं. रंगात कुठलीही आपोआप दुरुस्ती नको, कडेचं काहीही कापायचं नाही, कोरा कागद कोराच छापायचा, कागद मॅट आणि सुती, जाड, किंचित पिवळसर. आधी हाताएवढा नमुना काढून मागितला, शिवण आणि कसर दोन्ही येतील असा तुकडा. तो नमुना दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून स्क्रीनशी ताडून बघितला आणि मग पूर्ण प्रिंट सांगितली. आली ती सुंदर आली. साधारण मूळ चित्राच्याच मापाची ठेवली, मोठी करायचा मोह झाला होता पण मोठी केली की रेघा रेघा दिसायला लागतात आणि कापड नाहीसं होतं, या चित्राचं माप तेच बरोबर आहे. सुती मॅट कागदावर निळा जरा बसतो, आत मुरतो, त्यामुळे लोकरीचा मऊपणा येतो. पेन्सिलीच्या रेषाही आल्यात, जवळ गेलं की दिसतात.

कमी काय पडतं म्हणाल तर हात लावता येत नाही ही एक गोष्ट आहेच, दुहेरी विणीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं की दोन थर एकमेकांवर सरकतात, ते सरकणं कुठलंच चित्र देऊ शकत नाही. आणि पूर्ण पलंगपोस एकत्र कसा दिसत असेल ते मनातच जोडावं लागतं. नक्षी पुढे तीच आहे असं चित्र म्हणतं, पण ज्या कापडात सहा फुलांत एवढा फरक पडला तिथे पलीकडच्या अर्ध्यात अजून काय काय असेल, ते कायमचं गेलं. यासाठी मी अर्धा स्टार कापते. चित्राला साडेचार, साइटला चार, दुसऱ्या वेळच्या प्रिंटला पाच. पहिल्या प्रिंटला काही देत नाही.

प्रिंट आली त्या दिवशी ती टेबलावर पसरली होती आणि आई आली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. चष्मा लावून वाकली, आधी झालरीवरून बोट फिरवलं, खरंच गोंडे असल्यासारखं, मग कागद आहे हे कळल्यावर हसली. मग बोट उजवीकडे नेत नेत शिवणीपाशी थांबलं.

“अगं, इथे जुळलं नाहीये बघ.”

मी म्हटलं हो, मूळ कापडातच तसं होतं, दोन पट्टे वेगळे विणून जोडायचे. तिने वरपासून खालपर्यंत शिवणीवरून बोट नेलं, एकेक फूल बघत. आईने आयुष्यभर स्वेटर विणलेत.

“विणणारा एकच होता ना दोन्हीचा?”

“एकच. नाव आहे खाली.”

“मग मधे उठला असेल कशाला तरी,” ती म्हणाली, “परत येऊन बसलं की हात बदलतो.”

फ्रेम करायला द्यायची होती त्याच आठवड्यात, अजून दिली नाहीये. काच लागली की तिला बोट ठेवता येणार नाही.